राजांचीं व बिशपांचीं कृत्यें
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास ५० वर्षें पूर्ण झालीं. या मंगल प्रसंगीं आम्हीं चार शब्द बोलावे व ते या स्मरणपुस्तकांत छापावे, अशी उत्सवमंडळानें इच्छा प्रदर्शित केली. तिला मान देऊन आम्ही आपणांपुढें उभे आहों. विषय ऐकून मात्र आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. धर्मग्रामाच्या इतिहासापासून आरंभ न करतां आम्ही दूरच्या देशांतील व दूरच्या काळांतील कांहीं लॅटिन बखरींविषयीं बोलणार आहों. राजांचीं व बिशपांचीं कृत्यें ज्यांत लिहून ठेविलीं, अशा त्या बखरी होत. त्यांचा आपल्याशीं काय संबंध, हें शेवटीं आपोआप ध्यानांत येईल.

सुमारें आठ महिन्यांपूर्वीं मंडळानें धर्मग्रामाचा संक्षिप्त इतिहास लिहिण्याचें काम आम्हांवर सोपविलें. आम्हीं कपाटांतून जुनीं दप्तरें काढलीं. कांहीं पानें कसरीनें खाल्लेलीं, कांहींवर पावसाळ्याच्या ओलीचे डाग. वाचतां वाचतां आम्ही अशा एका प्रकरणाशीं येऊन थांबलों, कीं तें लिहावें कीं गाळावें हें ठरेना. तें प्रकरण कोणतें, तें पुढें सांगूं. त्या रात्रीं आम्हांस सेमिनरींतील दिवस आठवले. तेथें लॅटिन शिकतांना या बखरींतील उतारे आम्हांस वाचावे लागत. त्या वेळीं ते आम्हीं व्याकरणाचे धडे म्हणून वाचले. आतां केस पिकल्यावर ते पुन्हां काढले, तेव्हां त्यांतील माणसें दिसूं लागलीं.

लॅटिन भाषेंत "गेस्ता" या शब्दाचा अर्थ केलेल्या गोष्टी, म्हणजे कृत्यें. मध्ययुगांत यूरोपांत या नांवाचे अनेक ग्रंथ झाले. कांहींत एखाद्या राजवंशाचीं कृत्यें, तर कांहींत एखाद्या पीठावर बसलेल्या सर्व बिशपांचीं कृत्यें क्रमानें सांगितलेलीं असत. आपल्याकडे ज्यांस बखरी म्हणतात, त्यांशीं या ग्रंथांचें पुष्कळ साम्य आहे. लिहिणारे बहुधा धर्मगुरू अथवा मठवासी असत. कारण त्या काळीं लेखणी व चर्मपत्र हीं बहुतेक त्यांच्याच हातीं होतीं.

बिशपांच्या बखरींचा मूळ नमुना रोमचा. "लीबेर पोंतिफिकालिस", म्हणजे पोपमहाराजांच्या चरित्रांचा ग्रंथ, सहाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचला गेला व नवव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांत भर पडत गेली. त्याची घडण अगदीं साधी. पोपमहाराजांचें नांव, जन्मभूमि, पित्याचें नांव. किती वर्षें, किती महिने व किती दिवस त्यांनीं पीठ सांभाळलें. कोणतीं देवालयें बांधलीं. त्यांस सोन्यारुप्याचीं किती वजनाचीं भांडीं दिलीं. किती बिशप, धर्मगुरू व डीकन यांस दीक्षा दिली. कोठें दफन झालें. आणि नंतर पीठ किती दिवस रिकामें राहिलें. प्रारंभींच्या पोपांविषयीं त्यांतील मजकूर सर्वस्वी विश्वसनीय नाहीं, असें संशोधकांचें मत आहे. परंतु लेखक जसजसा आपल्या काळाजवळ येतो, तसतशी त्याची माहिती पक्की होत जाते. हाच सांचा पुढें इतर शहरांनीं उचलला. आठव्या शतकांत मेट्स शहराच्या बिशपांची अशी बखर झाली, नवव्यांत ओसेर शहराची झाली.

याच नवव्या शतकांत इटलींतील रावेन्ना शहरीं आग्नेलुस नांवाचे धर्मगुरू होते. त्यांनीं आपल्या शहराच्या बिशपांची बखर रचली व ती आपल्या सोबतच्या धर्मगुरूंस भाषणरूपानें थोडी थोडी ऐकविली. त्यांनीं देवालयांतील कोरीव लेख वाचले, भिंतींवरील चित्रांत जुन्या बिशपांचे चेहरे पाहिले, वृद्धांस विचारलें. इतकें करूनही कांहीं बिशपांविषयीं फारसें कांहीं हातीं लागेना. तेव्हां त्यांनीं काय केलें? मालिकेंत खंड पडूं नये म्हणून, देवाच्या साह्यानें व बांधवांच्या प्रार्थनेच्या बळावर, त्यांचीं चरित्रें आपणच रचलीं! आणि ही गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं. ग्रंथांतच सांगून टाकली.

आपण हंसलां. आम्हीही हंसलों होतों. पण मग आम्हीं आमचेंच टिपण पाहिलें. आमच्या आधीं या धर्मग्रामांत जे धर्मगुरू होऊन गेले, त्यांतील दोघांविषयीं दप्तरांत येण्याची व जाण्याची तारीख याहून अधिक कांहीं नव्हतें. आणि त्या दोघांच्या नांवांपुढें आम्हीं लिहिलें होतें, "अत्यंत प्रेमळ, सेवातत्पर व लोकप्रिय". हें आम्हांस कोणीं सांगितलें? कोणींही नाहीं. जागा रिकामी दिसूं नये म्हणून आम्हीं ती विशेषणांनीं भरली होती. आग्नेलुसनीं निदान कबुली तरी दिली. आम्हीं तेवढेंही केलें नव्हतें. तीं विशेषणें आम्हीं खोडलीं आहेत. पुस्तकांत त्या दोन धर्मगुरूंच्या नांवांपुढें फक्त तारखा दिसतील. त्यांचें पुण्य देवास ठाऊक आहे.

आतां टूर्सचे बिशप संत ग्रेगरी यांजकडे वळूं. इ. स. ५७३ पासून ५९४ पर्यंत ते त्या पीठावर होते. फ्रँक लोकांचे राजे व बिशप यांचा इतिहास त्यांनीं दहा भागांत लिहिला. आपलें लॅटिन गांवढळ आहे, असें ते स्वतःच म्हणतात. त्यांच्या काळीं शिल्पेरिक नांवाचा राजा होता व फ्रेडेगुंड नांवाची त्याची राणी. राणीची निंदा केल्याच्या आरोपावरून इ. स. ५८० मध्यें ग्रेगरींस बिशपांच्या सभेपुढें उभें राहावें लागलें. शिल्पेरिकास तर त्यांनीं आपल्या काळचा नीरो व हेरोद असें म्हटलें आहे. असें उघड वैर असतांही ग्रेगरींनीं एक प्रसंग नोंदवून ठेविला. त्याच वर्षीं देशांत रोगाची मोठी सांथ आली व राजाचीं मुलें अंथरुणास खिळलीं. तेव्हां राणीनें आक्रोश केला, कीं आपण गरिबांचे अश्रू पिळून धन साठविलें, त्याचें हें फळ. आणि तिनें नवीन करांच्या वह्या अग्नींत टाकल्या व राजासही तसें करावयास लाविलें. मुलें वांचलीं नाहींत. ग्रेगरींस ही गोष्ट गाळतां आली असती. ज्या बाईच्या दुष्टपणाविषयीं ते पानेंच्या पानें लिहितात, तिच्या पश्चात्तापाची ही एक घटका त्यांनीं गाळली नाहीं. शत्रूचें सत्कृत्य लिहून ठेवणें ही बखरकाराची मोठी कसोटी आहे. आणि ग्रंथ संपवितांना त्यांनीं आपल्या मागून येणाऱ्या बिशपांस शपथ घातली आहे, कीं यांतील कांहीं गाळूं नका. जसें लिहिलें तसें राहूं द्या.

दुसरे एक बिशप जर्मनींतील मर्सेबुर्गचे थीटमार. इ. स. १००९ पासून १०१८ पर्यंत ते बिशप होते. त्यांनीं आपल्या काळच्या सम्राटांची बखर लिहिली. तींत त्यांनीं आपला स्वतःचा चेहराही रंगविला आहे: ठेंगणा बांधा, लहानपणीं मोडलेलें नाक, सुजलेला गाल. शरीराचें व्यंग सांगून ते थांबत नाहींत. आपलीं पापेंही सांगतात व आपल्या मागून पीठावर येणाऱ्याकडे प्रार्थनेची भीक मागतात. त्यांच्या देखरेखीखालीं लिहिलेली मूळ प्रत शतकानुशतकें टिकली, पण इ. स. १९४५ मध्यें ड्रेस्डेन शहरावर बाँब पडले, त्या वेळीं पाण्यानें तिची फार खराबी झाली. सुदैवानें इ. स. १९०५ मध्यें तिच्या पानांच्या छायाचित्रांचें पुस्तक निघालें होतें, म्हणून तिचें मूळ रूप आज पाहतां येतें. ज्यांच्या घरीं जुनीं कागदपत्रें आहेत त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आपल्याकडे बाँब नको. चार पावसाळे पुरे.

पण या सर्वांत आमच्या मनावर अधिक ठसला तो ब्रेमेनचा आदाम. हा दूरचा मनुष्य इ. स. १०६६ च्या सुमारास ब्रेमेन शहरीं आला व तेथील देवालयाच्या शाळेचा मुख्य झाला. पुढें दहा वर्षांच्या आंत त्यानें हांबुर्ग व ब्रेमेन येथील आर्चबिशपांच्या कृत्यांची बखर चार भागांत लिहिली. माहितीसाठीं तो डेन्मार्कचा राजा स्वेन यांजकडे गेला व त्यांच्या तोंडून उत्तरेकडील देशांच्या हकीकती ऐकून घेतल्या. शेवटच्या भागांत त्या देशांचें व बेटांचें वर्णन आहे. नॉर्स खलाशांनीं समुद्रापलीकडील ज्या भूमीस विनलांड हें नांव दिलें, तिचा सर्वांत जुना लेखी उल्लेख याच पुस्तकांत सांपडतो.

त्याचा तिसरा भाग मात्र एकाच पुरुषाविषयीं आहे: आर्चबिशप आदालबर्ट, इ. स. १०४३ पासून १०७२ पर्यंत. यांनींच आदामास आश्रय दिला होता. आदालबर्ट रूपवान, विद्वान, वक्ते, दानशूर. निजण्यापूर्वीं ते कित्येकदां गुडघे टेकून तीसतीस भिकाऱ्यांचे पाय स्वतः धूत, असें आदाम लिहितो. आणि त्याच लेखणीनें तो हेंही लिहितो, कीं या पुरुषास मानाची हांव होती. स्तुतिपाठकांचा गराडा त्यांस प्रिय होता. राजदरबाराच्या नादांत त्यांनीं आपल्या लोकांस दारिद्र्यांत लोटलें. देवालय इ. स. १०४१ मध्यें जळालें होतें. तें बांधण्यासाठीं दगड हवे म्हणून शहराचा तट त्यांनीं पाडविला. पुढें इ. स. १०६६ मध्यें ते दरबारांतून घालविले गेले व शत्रूंनीं त्यांच्या पीठाची मालमत्ता लुटली.

पैशांची गरज पडली, तेव्हां एका पुण्यशील बाईनें पूर्वीं देवालयास दिलेल्या सोन्याच्या वस्तू आदालबर्टनीं मोडविल्या. ज्या सोनारानें त्या मोडल्या, तो पुढें दुःखानें सांगे, कीं हातोडा पडतांना आपणांस लहान मूल विव्हळल्यासारखा आवाज ऐकूं आला. बंधूंनो, त्या सोनाराचें नांव आपणांस माहीत नाहीं. पण आर्चबिशपांच्या सबंध कारकीर्दीचा हिशेब त्या एका गरीब कारागिराच्या कानानें ऐकला, आणि आदामानें तो लिहून ठेविला. हें सर्व लिहून आदामानें ग्रंथ अर्पण कोणास केला? आदालबर्टच्या मागून आलेले आर्चबिशप लीमार यांस! पूर्वीच्या धन्याच्या चुका नव्या धन्याच्या हातीं देणें हें धाडसाचें काम खरें. पण आदामाच्या शब्दांत सूड नाहीं. ज्यांचें अन्न खाल्लें, त्यांच्याविषयीं खरें बोलतांना त्याला यातना होतात, हें वाचणारास पानोपानीं कळतें.

तिसरें उदाहरण इंग्लंडांतील. माम्सबरीच्या मठांत विल्यम नांवाचे मठवासी ग्रंथपाल होते. इ. स. ११२५ च्या सुमारास त्यांनीं इंग्लंडच्या राजांचीं कृत्यें व इंग्लंडच्या बिशपांचीं कृत्यें असे दोन ग्रंथ पुरे केले. त्यांच्या अंगांत नॉर्मन व इंग्रज असें दोहोंचें रक्त होतें. म्हणून दोघांविषयीं बोलतांना आपण मधला मार्ग धरूं, असें ते म्हणतात. बिशपांच्या बखरीची त्यांच्या स्वतःच्या हातची प्रत आज सुमारें ९०० वर्षांनंतरही ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजांत आहे. त्या प्रतींत जागोजाग खोडलेलें व खरवडलेलें दिसतें. तरुणपणीं जीं बोचरीं वाक्यें लिहिलीं होतीं, त्यांतील कित्येक त्यांनीं पुढें काढून टाकलीं किंवा मऊ केलीं. पण त्यापूर्वींच कांहीं नकला बाहेर गेल्या होत्या, त्यामुळें मूळ शब्द आज वाचतां येतात.

मग प्रश्न असा, कीं ग्रेगरी म्हणतात गाळूं नका, आणि विल्यम तर स्वतःच गाळतात. यांतील खरा कोण? आम्हांस वाटतें, दोघांचेंही बरोबर आहे, जर एक भेद आपण ओळखला तर. घडलेली गोष्ट ही एक, आणि ती सांगतांना जिभेवर आलेली कडूपणाची धार ही दुसरी. धार बोथट करण्यास हरकत नाहीं. ती प्रेमाचीच आज्ञा आहे. गोष्ट पुसणें हें मात्र असत्य.

या सर्व बखरींत एक उणीव आहे. कृत्यें लिहिलीं तीं राजांचीं व बिशपांचीं. नांगर धरणारा, दगड वाहणारी, देवालय झाडणारी विधवा यांचीं नांवें त्यांत क्वचितच येतात. ही उणीव पुढें निराळ्या प्रकारच्या वह्यांनीं भरून काढली. इ. स. १५६३ मध्यें त्रेंतच्या धर्मपरिषदेनें प्रत्येक धर्मग्रामांत विवाहांची व बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचा नियम घातला, पुढें इ. स. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें मृत्यूंची नोंदही मागितली. आपल्या धर्मग्रामाच्या वह्या याच नियमाच्या आहेत. त्यांत सावकाराच्या मुलास एक ओळ व मजुराच्या मुलास एक ओळ. कोणास अधिक शाई नाहीं. बंधुभगिनींनो, हीच आपली खरी "गेस्ता" होय.

आणि या वह्या कधीं कधीं न बोलतां बोलतात. आपल्या बाप्तिस्म्याच्या वहींत बाराव्या वर्षापासून पुढें जवळजवळ दोन वर्षें खालच्या वाडीच्या एकाही बाळाचें नांव नाहीं. त्या दोन वर्षांत वाडींत मुलें जन्मलीं नव्हतीं काय? जन्मलीं होतीं. त्यांचे बाप्तिस्मे शेजारच्या धर्मग्रामांत झाले. नवें देऊळ कोठें बांधावें यावरून वरची वाडी व खालची वाडी यांत तंटा पडला होता; आणि त्या वेळच्या धर्मगुरूंनीं सभा न बोलावितां जागा ठरवून टाकली होती. वर सांगितलेलें प्रकरण तें हेंच. मंडळांतील कित्येकांचें म्हणणें पडलें, कीं उत्सवाच्या पुस्तकांत हें कशास? ज्यांचे वडील त्या तंट्यांत होते, ते आज येथें शेजारीं शेजारीं बसले आहेत.

दुसऱ्यांचें प्रकरण लिहिण्याचा अधिकार मागण्यापूर्वीं आमचें स्वतःचें सांगणें आम्हांस भाग आहे. आम्हांस दीक्षा मिळून दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. दुसऱ्या एका धर्मग्रामांत, पावसाळ्याच्या एका रात्रीं, एक मुलगा आपल्या आजीच्या अंत्यसमयीं आम्हांस बोलावण्यास आला. वाट चिखलाची होती. आम्हीं त्यास सांगितलें, "पहांटे येतों." पहांटे गेलों, तेव्हां ती बाई संस्कारांविना गेली होती. मृत्यूच्या वहींत, संस्कार मिळाले कीं नाहीं त्या रकान्यांत, आम्हीं लिहिलें, "अकस्मात् मृत्यु". तो मृत्यु अकस्मात् नव्हता. उशीर आमचा होता. ती नोंद आजही तेथें तशीच आहे. तिची दुरुस्ती आम्ही आज आपणांसमोर, या छापील पानावर, करीत आहों. थीटमारप्रमाणें आम्हीही आपणांकडे व आमच्या मागून येणाऱ्या धर्मगुरूंकडे प्रार्थना मागतों.

हें मंडळापुढें सांगितल्यावर आम्हीं दोन्ही वाड्यांतील वृद्धांस बोलाविलें व तंट्याचें प्रकरण वाचून दाखविलें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग वरच्या वाडीचे एक आजोबा म्हणाले, "फादर, लिहा. पण मढें कोणीं उचललें, तेंही लिहा."

तेंही लिहिलें आहे. दोन वर्षांच्या अखेरीस खालच्या वाडीचा एक तरुण माडावरून पडून मेला. निरोप न धाडतां वरच्या वाडीचे लोक चढण उतरून आले. चार जणांनीं शवपेटी उचलली. दोघे खालचे होते, दोघे वरचे. पुढच्या रविवारच्या मिस्सेस खालची वाडी आली. आणि त्या धर्मगुरूंनीं आपल्या रोजनिशींत त्या दिवशीं एकच ओळ लिहिली, कीं सभा न बोलाविली ही चूक आपली होती. तंटा गाळला असता, तर ती शवपेटीही गाळावी लागली असती, आणि ती ओळही. मग आपल्या ५० वर्षांत सांगण्यासारखें काय उरलें असतें? भिंतींची उंची व घंटेचें वजन.

आतां आपणांस एक विनंति. पुस्तकाच्या शेवटीं आम्हीं कांहीं पानें कोरीं सोडलीं आहेत. घरोघरीं वडीलधाऱ्यांस विचारून त्यांवर लिहा: देवळाचे दगड कोणीं वाहिले, पहिलें दिव्याचें तेल कोणीं दिलें, कोण रागावून गेला व कोणीं त्यास परत आणला. जें ठाऊक नाहीं, तेथें विशेषणें घालूं नका. ज्यांशीं आपलें पटलें नाहीं, त्यांचें एखादें सत्कृत्य ठाऊक असेल तर तें आधीं लिहा. आणि हीं पानें कोरड्या जागीं ठेवा.

ज्या ग्रंथांत लहानथोर सर्वांचीं कृत्यें कांहींही न गाळतां लिहिलीं जातात, तो ग्रंथ देवाच्या हातीं आहे. तो उघडेल त्या दिवशीं आपल्या या लहानशा पुस्तकांतील मजकूर त्याच्याशीं शक्य तितका जुळावा, एवढीच आमची इच्छा. परमेश्वर आपल्या या धर्मग्रामास आशीर्वाद देवो, आणि आपल्या आधीं गेलेल्या सर्वांस चिरशांति देवो. आमेन.